हगऱ्याखाली निजायची जागा

९ फेब्रुवारी १९९८

गेर्त,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तू माझा धाकटा भाऊ आहेस हे काही नाकारता येत नाही, तेवढ्यावर भागव. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू "ताई, आवाज तुटतोय" म्हणतोस आणि ठेवून देतोस, आणि मला मात्र तिकडे राजधानीत, नूकमध्ये तू कपात चमचा ढवळतोस तेसुद्धा ऐकू येत असतं. पत्र टाकून द्यायचं तरी हातात घ्यावं लागतं.

आज दुकानात मीठ आणायला गेले होते. फ्रीजरच्या वर नवा नकाशा लावलाय आणि सगळं गाव त्याच्यापुढे जमलेलं. एफ्राइम बोट फिरवत मोठ्यानं नावं वाचत होता. (हो, घरोघरच्या संडासाच्या भरलेल्या पिशव्या अजून तोच गोळा करतो, आणि जिभेला हाड अजून नाही.) त्याचं बोट खाडीच्या टोकाला गेलं, तेवढ्यात त्यानं मला पाहिलं आणि बोट खिशात घातलं. सगळे बाजूला सरकले. मी पुढे होऊन वाचलं.

डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या भाषेत ठळक अक्षरांत, 'निजायची जागा'. खाली पाहुण्यांसाठी इंग्रजीत तेच. आणि शेजारी एक छोटा तंबू काढलेला. हिरवा.

तो तंबू कुणी काढला रे? तुझ्या कचेरीतल्या कुणी, की तूच?

मागे नावांची यादी छापलीय. नाव, अर्थ, सांगणाऱ्याचं नाव. निजायच्या जागेपुढे आईचं नाव आहे. सांगणारी म्हणून. इतक्या वर्षांपूर्वी नकाशावाले हेलिकॉप्टर घेऊन आले तेव्हा आई कुणाशी बोलायच्या अवस्थेत नव्हती. बोललास तो तू, त्यांचा दुभाषा म्हणून, नव्या कोटात. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं.

आता ऐक. हेनिंग नावाचा एक उंच डॅनिश माणूस आलाय, पाहुण्यांना बर्फावर घसरायला नेणाऱ्या कंपनीचा. ईस्टरनंतर तो लोक आणणार, आणि डोंगराखालच्या सपाटीवर लाकडी ओटे बांधून तंबू ठोकणार. तीच जागा का, असं मी एफ्राइमकरवी विचारलं. तर म्हणाला, "नावच सांगतंय ना. तुमच्या पूर्वजांची मुक्कामाची जागा." आणि छातीवर हात ठेवला.

बाबा तिथे निजले नव्हते, गेर्त. दबले. सगळं गाव बर्फ उकरत होतं आणि शेवटी हाताला लागला तो कुत्र्यांचा एक पट्टा. तू शाळेला नूकला होतास, तू ते पाहिलं नाहीस. म्हणून तुला तंबू काढता येतो.

आणि या कंपनीनं स्वयंपाकाला आपली युस्तिने घेतलीय. माझी मुलगी, तुझी भाची. महिनाभर ती तिथे राहणार, तिथेच झोपणार.

नकाशा दुरुस्त कर.

सालोमिने

३ मार्च

गेर्त,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. सख्ख्या बहिणीला टाइप केलेलं पत्र, खाली पदासकट सही. वाचून हात धुतले.

तू लिहितोस, 'तो शब्द आईचा आहे. तू आईचा शब्द पुसायला निघालीस.' वा. आईचा शब्द होता, मी कुठे नाही म्हणते? बाबा सापडले नाहीत, तेव्हा ती खिडकीत बसून म्हणायची, तो तिकडे निजलाय. मग गावानंही तेच धरलं. तिच्यासमोर डोंगराचं खरं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटणार? आजवर आपल्याकडे असंच होत आलंय. माणूस गेला की त्याच्या आसपासचे शब्दसुद्धा आपण झाकून ठेवतो. बाबांचं नाव मितेक, म्हणून आख्ख्या गावानं मितेक बदकाला मितेक म्हणायचं सोडलं. 'मऊ पिसांची' म्हणायला लागलो. परका माणूस आला की गोंधळायचा, मऊ पिसांची कोण? पण ते आपल्या घरातलं झाकण होतं. रडणाऱ्या बाईसाठी घातलेलं. तू ते उचललंस आणि छापून पृथ्वीवर डकवलंस.

आणि हो, हल्ली गावात बदकाला पुन्हा मितेक म्हणतात. का, ते विचारावंसं वाटलं तर विचार.

पुढे तू लिहितोस, 'जगातल्या कुठल्याही नकाशावर असलं नाव नसतं. लोक हसतील.' असलं म्हणजे कसलं? तुला लिहवलंसुद्धा नाही. मी लिहिते. हगऱ्या. हगऱ्या, हगऱ्या, हगऱ्या. बघ, पेन मोडलं नाही. डोंगराचं पोट बिघडलेलं आहे, वर ऊन लागलं की काही न सांगता बर्फ सोडतो, म्हणून हगऱ्या. आपल्या आधीच्या लोकांनी नाव ठेवलं ते तुझ्या त्या नावं ठरवणाऱ्या समितीला खूश करायला नव्हे, पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून. आठवतं का, बाबा कुत्र्यांची गाडी त्या सपाटीवर आली की काय करायचे? "धरा नाकं! म्हणा!" आणि आपण दोघं नाक धरून ओरडायचो, "हगऱ्या, थांब जरा, आम्हाला जाऊ दे!" हसता हसता पोट दुखायचं आणि गाडी कधी पलीकडे पोचली कळायचंही नाही. तिथे थांबायची कुणाची टाप नव्हती. कोण थांबेल बसलेल्या माणसाखाली?

तुझ्या नावाखाली लोक अंथरूण घालणार आहेत.

तुला घाण वाटते ती शब्दाची. मला तुझी वाटते. नूकला गेलास, आंघोळीला गरम पाणी मिळालं, आणि आपण सीलची आतडी धुणाऱ्यांची पोरं आहोत हे तुला अंगावर पडलेल्या डागासारखं वाटायला लागलं. बाबा हगऱ्याखाली मेले असं कसं सांगायचं, हेच ना? नूकमधल्या जेवणाच्या टेबलावर ते बरं दिसत नाही. निजले म्हटलं की चारचौघांत चालतं.

युस्तिनेला मी जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, "आई, मामानं केलेला सरकारी नकाशा खोटा आणि तू खरी?" काय सांगू तिला?

सालोमिने

२६ मार्च

गेर्त,

उत्तर नाही. बरं. ओटे बांधून झाले. एकावर उभं राहून हेनिंगनं फोटो काढून घेतला. मागे हगऱ्या, स्वच्छ, पांढरा, देखणा. दिसायला तो आहेच देखणा, हीच तर त्याची लबाडी.

मंगळवारी शाळेत सभा झाली. कंपनीनं कॉफी आणि केक ठेवला होता, त्यामुळे सगळे आले. हेनिंगनं विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. तासीलाक शहरातून आणलेली एक मुलगी भाषांतराला होती. सगळं गाव केककडे बघत बसलं. माझ्या वयाची माणसं, ज्यांनी स्वतः तो बर्फ उकरलाय, ती सगळी गप्प! मी एकेकाकडे पाहिलं, तर एकेक जण नजर खाली घालत गेला. मग माझ्या लक्षात आलं. ती माझ्यासाठी गप्प होती. मेलेल्याची मुलगी समोर बसलेली असताना त्या डोंगराबद्दल बोलायचं नाही, म्हणून. माझ्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून माझ्या मुलीला तिथे झोपायला पाठवत होती! इतका चांगुलपणा पाहून कुणाला किळस आली असेल का? मला आली.

मी उठले आणि म्हटलं, "त्याचं नाव हगऱ्या आहे."

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच. तोबियासिने म्हातारी तर कॉफीचा कप धरून हलत होती. "अगं बाई, किती वर्षांनी ऐकला गं तो शब्द!" म्हणत डोळे पुसायला लागली. ती रडत होती की हसत होती मला कळलं नाही.

भाषांतरवाली मुलगी लाल झाली. तुझ्याच शाळेतली असणार. तिनं जे सांगितलं ते ऐकून हेनिंग माझ्याकडे वळून गोड हसला. मी एफ्राइमला विचारलं, काय सांगितलं हिनं? त्याला थोडं डॅनिश कळतं. तो म्हणाला, "म्हणाली, बाईंच्या मते डोंगराला जरा बरं नाही."

मी मग सगळं नीट सांगितलं. ऊन, बर्फ, बाबा. हेनिंग ऐकून घेत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण असा धोका असता तर नकाशावर नोंद असती. आणि हा नकाशा आम्ही नाही केला, तुमच्याच माणसानं केलाय."

तो 'तुमचा माणूस' म्हणजे तू. मी केक न खाताच निघाले.

बाहेर आल्यावर मी एफ्राइमवर खेकसले, "तुला तोंड नाही? एरवी तर सारखं चालू असतं!"

"तुझ्यासमोर कसं बोलायचं?" तो म्हणाला. "तुझ्या आईनं झाकलेलं. मी कोण उघडणारा?"

"आता मी उघडलं."

"ऐकलं की. सगळ्या गावानं ऐकलं." मग चालता चालता म्हणाला, "शब्द उघडलास, पण त्यांना तो वास येत नाही गं. त्यांच्या कागदावर तंबू आहे."

युस्तिने माझ्याशी बोलत नाही. मी तिला साऱ्या कंपनीपुढे लाज आणली म्हणे. तिची पोरगी माझ्याकडेच राहणार, आई पाहुण्यांना रांधायला गेली की. चार वर्षांची आहे. तिचं नाव तुला कळवलेलं नाही. ते नाव ऐकायचं तर माणसानं समोर यायला हवं असं मी ठरवलं होतं.

सालोमिने

१९ एप्रिल

गेर्त,

तासीलाकच्या पोलिसाचा तुला फोन आला असेल. मी तसा आग्रहच केला, नकाशावाल्यालाही विचारा म्हणून. तुझ्या बहिणीनं काय केलं ते तिच्याकडूनच ऐक.

ईस्टरचं जेवण झालं. पाहुणे दोन दिवसांनी येणार होते. मी एफ्राइमकडे गेले. म्हटलं, "तू पिशव्या नेतोस कुठे?"

"कुठे म्हणजे? बर्फ फुटेस्तोवर शेडमागे रचतो. तुला माहीत नाही? वारा फिरला की आख्ख्या गावाला माहीत असतं."

"किती साठल्यात?"

मग त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. "सालोमिने," तो म्हणाला, "तुझ्या बापाचीच गं तू."

त्याच्या दोन गाड्या, माझी एक, आणि तोबियासिनेच्या नातवाची एक. पिवळ्या पिशव्या, आख्ख्या हिवाळ्याच्या, आख्ख्या गावाच्या, पाद्र्याच्या घरच्यासुद्धा. गोठलेल्या होत्या तोवर दगडासारख्या, काही त्रास नाही. पण सपाटीवर ऊन होतं. ओट्यांवर रचल्या आणि एफ्राइमनं हौसेनं एकेक चाकूनं उघडली. गेर्त, मी आयुष्यभर आतडी धुतलीत, वालरसचं कुजलेलं मांस खाल्लंय, आणि मला तिथे भडभडून उलटी झाली. कुत्र्यांनीसुद्धा तोंडं फिरवली. एफ्राइम डोळे पुसत म्हणाला, "आता कसं नावासारखं वाटतंय." मी नाक धरलं होतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, हगऱ्या, थांब जरा. आणि आम्ही तिथून पळालो, पूर्वीसारखंच.

हेनिंग पाहुणे घेऊन पोचला तेव्हा म्हणे नाकावर हातमोजा दाबून उलट पावली फिरला. साफ करायला त्यानं गावात माणसं मागितली. एकही माणूस गेला नाही. दुप्पट पगार देतो म्हणाला, तरीही. शेवटी वैतागून त्यानं तंबू खाडीच्या पलीकडच्या काठावर ठोकले, तात्पुरते. ओटे धुतले की परत इकडेच यायचं, असं म्हणाला.

पोलीस तरुण होता, बूट काढूनच घरात आला. मी कॉफी दिली. त्यानं विचारलं, हे तुम्ही का केलंत? मी म्हटलं, "नकाशात चूक होती. दुरुस्त केली."

त्यानं ते लिहून घेतलं.

युस्तिने जाता जाता माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला तुझी घाण वाटते." शब्द माझेच आहेत, ते मी तुला लिहिले होते. म्हणजे कसं लागतं ते आता मला माहीत आहे. तरी मागे घेत नाही.

सालोमिने

८ मे

गेर्त,

काल सुटला.

सकाळपासून ऊन तापलं होतं, छपरं गळत होती. मी दारात मासे वाळत घालत होते. आवाज इथवर आला. आधी मला वाटलं, हेलिकॉप्टर. मग गावातली सगळी कुत्री एकदम उठून उभी राहिली. मी हातातला मासा टाकला आणि तशीच गाडी जुंपली. मी कुत्र्यांना काय काय म्हटलं असेल ते विचारू नको.

सपाटी नाही. म्हणजे आहे, पण तिच्यावर दोन घरांच्या उंचीचा बर्फ आणि दगड. ओटे, पिशव्या, फळ्या, सगळं पोटात. त्याची धूळ खाडी ओलांडून पलीकडच्या तंबूंवर गेली आणि त्यातले दोन आडवे झाले. माणसं सगळी शाबूत. एक बाई बर्फानं पांढरी झालेली बसून होती आणि हातातला कप सोडत नव्हती. युस्तिने चुलीपाशी उभी होती. मला पाहून ती पुढे आली. मग लहानपणी धरायची तशी माझ्या अनोराकची, त्या टोपीवाल्या डगल्याची कड मुठीत धरली. मी तिला खूप शिव्या दिल्या. बाबांनी दिल्या असत्या त्या सगळ्या.

आता मला बरं वाटायला हवं होतं, हो ना? नाही वाटलं. कारण हेनिंग धावत आला, त्याचा चेहरा ओला होता, आणि मला म्हणाला (युस्तिनेनं अर्थ सांगितला), "हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

कुणीच! शाळेत केक खात उभा राहून ऐकलं होतं यानं. मी थुंकले आणि कुत्री वळवली. परतताना एफ्राइम वाटेत भेटला, तोही निघालाच होता. त्यानं बर्फाचा तो ढीग लांबून पाहिला आणि म्हणाला, "आपलं काहीच नाही, सालोमिने. डोंगरसाहेबांनी वर बसून केलं ते बघ." मला हसू आलं. मग घरी येईपर्यंत रडू थांबेना.

आता तुला विचारते. आईचा शब्द अजून ठेवायचाय? ठेव. तिच्या थडग्यावर कोर, मी खर्च करणार नाही पण अक्षरं घासून चकचकीत ठेवीन. डोंगराचं डोंगराला परत दे.

आणि बाबा तिथे निजलेले नाहीत. तू विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते. आई होती तोवर तिनं बाबांचं नाव कुणाला देऊ दिलं नाही, ऐकवायचं नाही तिला. ती गेली, आणि त्यानंतर घरात पहिलं मूल झालं ते युस्तिनेची ही पोर. आम्ही तिचं नाव मितेक ठेवलं. म्हणून गावात बदक पुन्हा मितेक झालं, गेर्त. नाव पोराला लागलं की माणूस परत येतो आणि झाकलेले शब्द मोकळे होतात, हे तुझ्या लहानपणीच तुला माहीत होतं. समितीत बसून विसरला असशील. मी तिला बाबा म्हणते. ती मला "पोरी, भूक लागली" म्हणते आणि सगळे हसतात. आत्ता ती समोर बसून वाळका मासा चावतेय आणि टेबलाला लाथा मारतेय.

चार वर्षं बाप परत आलेला आहे आणि तुला पत्ता नाही. तू त्याला बर्फात निजवून ठेवलंस.

सालोमिने

६ जून

गेर्त,

तुझं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. अक्षर अजून तसंच भिकार आहे, बरं वाटलं.

समितीनं नाव बदलायचं मान्य केलं, कुणी हसलं नाही, उलट एका म्हाताऱ्यानं त्यांच्याकडच्या अशाच एका डोंगराचं नाव सांगितलं, हे वाचलं. समितीपुढे तो शब्द तू स्वतः मोठ्यानं म्हणालास हेही वाचलं. ते तू कशाला लिहिलंस ते कळलं मला. राग गेलेला नाही. ये, समोर आलास की बघू.

तू विचारलंयस की यादीत सांगणाऱ्याचं नाव लागतं, माझं घालू का. माझं नको. काल मुद्दाम नातीला घेऊन खाडीत गेले, बर्फ अजून गाडी पेलतोय तोवर. तिला मी काहीही शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. युस्तिनेनं शिकवलं असेल, नाहीतर एफ्राइमनं, त्याचा काय भरवसा. डोंगर समोर आला तशी ती गाडीवर उभी राहिली, नाक धरलं आणि अशी ओरडली की कुत्री दचकून पळत सुटली.

तेव्हा लिही. डोंगराचं नाव, हगऱ्या. सांगणाऱ्याचं नाव, मितेक. वय विचारलं तर खरं सांग, चार.

सालोमिनेताई